कर्णिक बाईंचं आजचं पान

कर्णिक बाई गेल्या त्या सकाळी आमच्या जुन्या क्लासच्या ग्रुपवर फुलांचा नुसता पाऊस पडला. 'मायेची सावली हरपली.' 'आमची कलामाऊली.' मी बेसिनपाशी दात घासत हे वाचत होते आणि मला हसूच फुटलं. माया? कर्णिक बाईंची? सात वर्षांत ज्या बाईने मला एकदाही 'पाणी घे' म्हटलं नाही, तिची म्हणे सावली. मग कोणीतरी टाकलं, 'वीस वर्षं रोज एक पान, शेवटच्या दिवसापर्यंत एकही खाडा नाही. त्रिवार वंदन.' ते वाचून मात्र हसू थांबलं. बाकीचं सगळं मेलेल्या माणसाबद्दल लोक बोलतात तेवढंच खोटं होतं. हे शेवटचं का खोटं आहे, ते फक्त मला माहीत आहे.

मी नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. बाई तिथे दाढ दाखवायला आलेल्या. पांढरी कॉटनची साडी, केस पोरासारखे बारीक कापलेले, आणि चेहरा असा की आपणच काहीतरी चोरलंय असं वाटावं. समोर बसल्या, पर्समधून कात्री काढली आणि टेबलावरच्या एक्स-रेच्या पाकिटाचा निळा कोपरा सरळ कापून घेतला. पाकीट दुसऱ्याच पेशंटचं.

"अहो मावशी, काय करताय हे?"

"कापतेय. दिसत नाही?"

"ते दुसऱ्यांचं आहे!"

"दुसऱ्यांचा फोटो आत तसाच आहे. मी नुसता कागद घेतलाय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काल काय केलंस तू?"

"काल? काल... इथेच होते. कामावर."

"म्हणजे आठवत नाही. वय काय तुझं? चाळीस? म्हणजे तुझी चाळीस वर्षं अशीच गेली. शनिवारी दहाला घरी ये, पत्ता तुमच्या रजिस्टरात आहे."

कोणी असं तोंडावर बोललं तर माणूस चिडतो. मी पण चिडले. रात्री नवऱ्याला सांगितलं, कसली आगाऊ म्हातारी होती. आणि शनिवारी दहाच्या ठोक्याला त्यांच्या दारात उभी होते. आता काय म्हणावं याला.

बाई शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या. नौपाड्यातच, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत एकट्या राहायच्या. शनिवारी सकाळी आम्ही सहाजणी तिथे जमायचो. क्लास म्हणायचा, पण त्या शिकवायच्या काहीच नाहीत. नियम मात्र होते. रोज एक पान करायचं. त्या दिवशी हाताला जो कागद लागेल तोच कापायचा नाहीतर फाडायचा, वहीत चिकटवायचा, खाली दोन ओळी लिहायच्या आणि कोपऱ्यात पेन्सिलीने पानाचा आकडा घालायचा. विकतचे स्टिकर, चमकी, वाळवलेली फुलं असलं काही आणलं की संपलंच. "सजवायचं असेल तर गणपतीचं मखर कर," म्हणायच्या. फेविकॉलसुद्धा चालायचा नाही. रोज सकाळी गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, किडा लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. त्यांच्या घराला कायम त्या खळीचा वास यायचा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पान दिवेलागणीच्या आत झालं पाहिजे. समोरच्या घरात दिवा लागला आणि तुमचं पान झालेलं नसलं की खाडा. एक खाडा पडला की आकडा परत एकपासून.

त्यांचा स्वतःचा आकडा तेव्हा पाच हजारांच्या पुढे गेलेला. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा पान झालं होतं. प्रेत हॉलमध्ये, भटजी जिन्यात, आणि बाई स्वयंपाकघरात कापसाच्या गुंडाळीचा निळा कागद चिकटवत बसलेल्या. दीर बोलवायला आले तर म्हणाल्या, "दोन मिनिटं. खळ सुकू दे." ही गोष्ट त्या आम्हाला स्वतः सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलायचा नाही. त्यांना एकच गोष्ट हवी होती. मरेपर्यंत एकही खाडा नको. बाकी जगात त्यांना काही नको होतं, अगदी आम्हीसुद्धा नको होतो.

नावं त्यांनी कोणाचीच लक्षात ठेवली नाहीत. जी जिथून यायची तिचं तेच नाव. मी कोपरला राहते म्हणून मी 'कोपर'. म्हात्रे वहिनी बाळकुमच्या, म्हणून त्या 'बाळकुम'. शनिवारी आम्ही आपापली सात-सात पानं जमिनीवर मांडायचो आणि बाई मधून अनवाणी फिरायच्या. जे पान आवडलं नाही ते पायाच्या अंगठ्याने दाबायचं आणि म्हणायचं, "हे मेलंय." आपण कागदाला पाय लागला तर कपाळाला हात लावणारी माणसं. पहिल्या वेळी म्हात्रे वहिनी खाली वाकून त्या पानाच्या पाया पडल्या. बाई म्हणाल्या, "पाया पडून जिवंत होणार आहे का ते, बाळकुम? फाड." आणि वहिनींनी खरंच फाडलं. वहिनींची अख्खी हयात भातशेतीत गेलेली, जमिनीवर टॉवर उभे राहिल्यावर त्या सातव्या मजल्यावर राहायला गेलेल्या. हात इतका कडक की कात्री चालवताना कागद घाबरायचा. पण बाईंना त्यांचीच पानं आवडायची. आवडली म्हणजे काय, तर "चालेल." कर्णिक बाईंच्या तोंडून निघणारी सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे 'चालेल'.

आणि खरं सांगायचं तर ती बाई थोर होती. हे मला आजही जड जातं म्हणायला, पण होती. भज्यांचा तेलकट झालेला कागद घेऊन त्यांनी एकदा तलावपाळी केलेली. तेलाने कागद जिथे आरपार झाला तिथे पाणी, आणि न भिजलेल्या पट्टीचा काठ. दुसरं काहीही नाही. खाली लिहिलेलं, 'आज भजी खाल्ली. तिखट होती. कोणाशी बोलले नाही.' मी ते पान बघून घरी आले आणि भाजी चिरताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कांदा नव्हता, भेंडी होती.

माझी आई गेली ती एका गुरुवारी. तोवर माझी दोनशे अकरा पानं झालेली. आयुष्यात मी कुठली गोष्ट सलग दोनशे अकरा दिवस केली नव्हती, देवपूजा तर आमच्याकडे नाहीच, पण योगासुद्धा चार दिवसांवर गेला नव्हता. गुरुवारी पान झालं नाही. शुक्रवारी सगळं आटोपलं, विहारातली माणसं येऊन वंदना झाली, आणि मी स्वयंपाकघरात बसून आईच्या केसपेपरचं पान केलं. शनिवारी क्लासला गेले. लोक म्हणतील, आई जाऊन दोन दिवस नाही झाले आणि ही बया क्लासला निघाली? निघाले. घरात माणसं भरलेली, जो तो मला 'दोन घास खा' म्हणत होता, आणि मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं.

पानं मांडली. बाई फिरत फिरत माझ्यापाशी थांबल्या.

"गुरुवार कुठाय?"

"बाई, गुरुवारी माझी आई गेली."

सगळ्यांचे हात थांबले. म्हात्रे वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"कितीला?" बाईंनी विचारलं.

"दोनला. दुपारी."

"म्हणजे दिवेलागणीला चार-साडेचार तास होते. हात शाबूत होते ना तुझे?"

  बाई खाली बसल्या, खोडरबर घेतलं, शुक्रवारच्या पानावरचा दोनशे बाराचा आकडा खोडला आणि तिथे स्वतःच्या हाताने एक घातला. आईच्या केसपेपरवर. मग ते पान उचलून खिडकीशी नेलं, बराच वेळ बघितलं, आणि माझ्या मांडीवर टाकत म्हणाल्या, "चालेल."

तेव्हाच चप्पल घालून खाली उतरायला हवं होतं. मी उतरले नाही. त्या एका 'चालेल'साठी मी आणखी चार वर्षं जात राहिले, एवढी लाचार होते मी. आणि त्या चारही वर्षांत, त्या जिना चढताना दम लागून थांबल्या की मला आतून बरं वाटायचं, हेही सांगून टाकते.

बाईंना एकच मुलगी, अनघा. डोंबिवलीत, वेस्टला राहते, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. ती क्लासला कधी यायची नाही. आईकडेही क्वचित. का, ते आम्हाला बाईंनीच एका शनिवारी सांगितलं, म्हणजे सांगितलं नाही, दाखवलं. जुनी वही उघडून आमच्यासमोर ठेवली. पान सबंध काळं होतं. काळा चौकोनी कागद, त्याला एक पांढरी कड, बस्स. पण असलं पान मी पुन्हा बघितलं नाही. विहिरीत वाकून बघावं तशी मी त्यावर वाकले.

"कशाचा कागद आहे सांगा," बाई म्हणाल्या. कोणालाच सांगता येईना. "सोनोग्राफीचा. अनघाचं पाचव्या महिन्यात गेलं ना, त्या दिवशीचा. फाईलमध्ये होता."

मी विचारलं, "मग हा असा काळा कसा?"

"तो कागद उष्णतेने काळा पडतो. मला ठाऊक नव्हतं. खळ गरम होती. लावला आणि डोळ्यांदेखत गेला."

"आणि दुसरी प्रत?"

"दुसरी कुठली असायला?"

मग कळत गेलं ते असं. त्या दिवशी अनघा हॉस्पिटलात, आईचा हात धरून म्हणत होती, आज थांब. बाई चार वाजता उठल्या. म्हणाल्या, उद्या येते, आजचं पान राहिलंय. आणि जाताना फाईलमधून तो फोटो घेऊन गेल्या. अनघाकडे त्या मुलाचं म्हणून तेवढंच होतं. मागून तिने मागितला तेव्हा बाईंनी हे पान दाखवलं.

"बाई, तुम्ही तिला काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, पान बघ. असं पान मला जन्मात परत होणार नाही." आणि त्या पानाकडे अशा बघत होत्या की त्या खोलीत आम्ही नाहीच.

म्हात्रे वहिनी उठल्या. वही पिशवीत टाकली, पदर खोचला. "बाई, तुमचा हात सोन्याचा हाय. पण तुमच्या घरात परत पाऊल टाकायची नाय मी." गेल्या त्या गेल्या. बाईंनी दार लागेपर्यंत वाट बघितली आणि म्हणाल्या, "चला, तुमचं मांडा." मी मांडलं. बाकीच्या चौघींनीही मांडलं. आमच्यातल्या एकीलाही लाज नव्हती.

दोन वर्षांपूर्वी बाईंना झटका आला. छोटाच. उजवा हात गेला तर त्यांनी तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने कागद फाडायला सुरुवात केली. हॉस्पिटलातले दोन दिवससुद्धा नर्सकडून टेप मागून पट्टीच्या वेष्टनाचं पान केलेलं. खाडा नाही. मग हळूहळू डोकं विरायला लागलं. दूध गॅसवर, नळ चालू, दार उघडं. शेवटी अनघा त्यांना डोंबिवलीला घेऊन आली. मला वाटलं, बघा, शेवटी पोटची पोर. नौपाड्याचं घर बंद झालं, क्लास मोडला, वह्या अनघाच्या माळ्यावर गेल्या. मी रविवारी जाऊन बसायला लागले. का? सवय. आणि बघायचंही होतं, खोटं कशाला बोलू.

बाई खिडकीशी खुर्चीत बसलेल्या असायच्या, मांडीवर पाट, पाटावर कागद आणि खळीची वाटी. सकाळी पान व्हायचं. पण झालेलं त्यांना आठवायचं नाही. दर अर्ध्या तासाने विचारायच्या, "आजचं झालं का गं?" सुरुवातीला अनघा पान दाखवायची, झालं आई, हे बघ. बाई आकडा बघायच्या, बोट फिरवायच्या आणि शांत व्हायच्या. त्या वेळी त्या अगदी साध्या म्हाताऱ्या बाईसारख्या दिसायच्या. मग एका रविवारी माझ्यासमोर त्यांनी विचारलं आणि अनघा चहा पीत पीत म्हणाली, "नाही."

बाईंचा चेहरा बघवत नव्हता. "नाही? किती वाजले? अगं, दिवे लागतील!" डावा हात कागदावर धडपडायला लागला, वाटी लवंडली, खळ साडीवर. पेपर फाडला, चिकटवला, वाकडातिकडा, हाताने थापला. झालं. वीस मिनिटांनी परत, "आजचं झालं का गं?" "नाही, आई." परत तेच. त्या दिवसाची नऊ पानं मी मोजली. आणि संध्याकाळी, समोरच्या इमारतीत दिवे लागल्यावर, अनघा म्हणाली, "आई, आज खाडा पडला." ती बाई, जिने नवरा गेला तेव्हा डोळ्याला पदर लावला नव्हता, ती तोंड उघडं टाकून लहान मुलासारखी रडली.

मी अनघाच्या मागे स्वयंपाकघरात गेले. "अगं, झालंय ना त्यांचं पान. कशाला छळतेस?"

"विसरते ती. पाच मिनिटांनी बघ, काही नसतं तिच्या डोक्यात."

"मग सांगून काय उपयोग?"

अनघाने ओट्यावरचं फडकं पिळलं. "मला आठवतं ना," ती म्हणाली. "आणि तू मला शिकवू नकोस, रंजना. तुझ्या आईच्या केसपेपरवर कोणी आकडा घातला होता?"

केसपेपरचं मीच तिला मागे सांगितलेलं. पुढच्या रविवारी गेले, त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी अनघा 'नाही' म्हणाली आणि मी बिस्कीट चहात बुडवून खात राहिले. घरी जाताना मात्र दर खेपेला ठरवायचे की एकदा तरी आपण मध्ये पडायचं. कधी बाईंजवळ एकटी असले, तर त्यांना 'झालं' म्हणून सांगायचं. एवढं तर माणूस कुत्र्यासाठीही करतो.

तो रविवार आला. अनघाला मेडिकलमध्ये जायचं होतं. "अर्धा तास बस हां," म्हणून ती खाली उतरली. साडेपाच-पावणेसहा झालेले. बाईंचं पान पाटावर होतं आणि ते पान, काय सांगू, चांगलं होतं. कित्येक महिन्यांनी चांगलं. औषधाची खाकी पिशवी त्यांनी लांब फाडलेली, फाटलेल्या कडेचे धागे तसेच सोडलेले, खाली मोकळी जागा. खाडीच्या कडेची ओहोटीची जमीन. कागदावर खळ अजून ओली होती. मी ते बघायला म्हणून उचलून हातात घेतलं.

"तू कोण गं?" बाई म्हणाल्या.

"मी कोपर, बाई."

"कोपर." त्यांनी मला नीट न्याहाळलं. स्वतःच्या मुलीला त्या तेव्हा 'अहो' म्हणायला लागल्या होत्या. "कोपर. तुझी आई मेली होती."

"हो, बाई."  सगळं पुसलं गेलं आणि माझी आई राहिली यांच्या डोक्यात.

"गुरुवार चुकवलास तू," बाई म्हणाल्या. "दोनशे अकरा केली होतीस. मातीत घातलीस." आणि तोंड वाकडं करून हसल्या.

मग खिडकीबाहेर बघितलं. समोर तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी ट्यूब लावली.

"माझं आजचं झालं का गं?"

पान माझ्या हातात होतं. अंगठ्याला खळ लागलेली.

"नाही, बाई," मी म्हटलं. "दिवे लागले. खाडा पडला."

बरं वाटलं मला. हे लिहिताना कान गरम होतायत, पण त्या क्षणी फार बरं वाटलं. मी वाट बघत होते. आता हात धडपडेल, आता वाटी लवंडेल, आता रडतील. बाई हलल्या नाहीत. कितीतरी वेळ त्या ट्यूबकडे बघत बसल्या. मग डाव्या हाताने पाट मांडीवरून बाजूला सारला.

"असू दे," म्हणाल्या.

त्या बाईच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी चपापले. "बाई, झालंय हो! मी उगाच म्हटलं. हे बघा ना, हे काय, सुंदर झालंय," मी ते पान त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं, आकडा दाखवला.

त्यांनी पान हाताने बाजूला केलं. "खोटं कशाला बोलतेस? खाडा झाला तर झाला म्हणावं." आणि खुर्चीत मागे डोकं टेकून डोळे मिटले. मी तिथेच उभी, ओलं पान हातात घेऊन. अनघाची किल्ली दारात वाजली तेव्हा घाईघाईने ते पाटावर ठेवलं.

बुधवारी अनघाचा फोन आला. म्हणाली, आई कागदाला हात लावत नाही. खळ शिजवून दिली तरी बघत नाही. पान झालं का म्हणून विचारतही नाही. "तिने विचारायला तरी हवं ना," असं म्हणून अनघा फोनवर रडायला लागली, हुंदके देऊन, आणि मला कळेना ती आईसाठी रडतेय की आणखी कशासाठी. पुढे बाई तीन आठवडे जगल्या. त्यांनी एक कपटा फाडला नाही.

"तू होतीस ना त्या दिवशी?" त्या बुधवारच्या फोनवरच अनघाने विचारलं होतं. "मी नसताना काही झालं का? काही बोललात का तुम्ही?"

"नाही गं," मी म्हटलं. "झोपल्या होत्या त्या. मी नुसती बसले होते."